पाहुण्यांना आकाश दाखवताना: वाचकांचे प्रश्न

पाऊस सरला की कृषिपर्यटन केंद्रं, शेतघरं आणि शाळांच्या शिबिरांकडून आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांविषयी पत्रं येऊ लागतात. त्यांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं मोठी होती, त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

मुरबाड तालुक्यात आमचं शेतघर आहे. शनिवारी मुंबई-ठाण्याहून चाळीसेक जण येतात. 8 इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवर फिरणारी आरशाची) दुर्बीण आहे, दाखवणारा एकच. रांग लागते, मागचे कंटाळून उठून जातात आणि ‘काही दिसलंच नाही’ अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. आणखी मोठी दुर्बीण घ्यावी का?

नको. तुमची अडचण आरशाच्या आकाराची नाही, वेळेची आहे. एका माणसाला नीट बघायला 45 सेकंद लागतात, आणि तो बाजूला होऊन पुढचा डोळा लावेपर्यंत 20 सेकंद जातात. चाळीस जणांना एकच वस्तू दाखवायला पाऊण तास लागला. अडीच तासांच्या कार्यक्रमात तीन वस्तू होतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन तास नुसतं उभं राहणं येईल. माणसं उठून जातात त्यात त्यांचा दोष नाही.

चाळीस जणांचे तीन गट करा. एक गट दुर्बिणीपाशी. दुसरा चटईवर आडवा पडून नुसत्या डोळ्यांनी तारकासमूह ओळखेल. तिसऱ्याच्या हातात 10×50 च्या दोन-तीन द्विनेत्री द्या आणि कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, रोहिणीभोवतीचा तारकागुच्छ त्यांचा त्यांना शोधू द्या. दर 25 मिनिटांनी गट बदलायचे. तेरा जणांना एक वस्तू दाखवायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत, म्हणजे ज्यांना पुन्हा बघायचंय त्यांना दुसरी फेरी मिळते. दुसऱ्या फेरीतच माणूस खरं बघतो: गुरूचे पट्टे पहिल्या नजरेत क्वचितच दिसतात. यासाठी दाखवणारे तीन हवेत. गावातल्या कॉलेजच्या दोन मुलांना चार-पाच रात्री शिकवलंत तर नुसत्या डोळ्यांचा गट ती उत्तम सांभाळतील. नवी दुर्बीण घेण्याऐवजी त्यांना मानधन द्या.

आता ‘दिसलंच नाही’ या तक्रारीकडे येऊ. तुमच्या दुर्बिणीचं केंद्रांतर बहुधा 1200 मिलिमीटर असेल. 10 मिलिमीटरचा साधा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावला की 120 पट वर्धन मिळतं, पण दिसणारं आकाश अर्ध्या अंशाहूनही कमी उरतं. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे मधोमध ठेवलेला ग्रह 50 सेकंदांत कडेला जाऊन दिसेनासा होतो. पहिल्याला दिसतो, दुसऱ्याला काठावर दिसतो, तिसऱ्याला काळोख. आणि तिसरा संकोचानं ‘हो, दिसलं’ म्हणून निघून जातो. म्हणून प्रत्येक माणसानंतर स्वतः डोळा लावून ग्रह जागेवर आणा, आणि मधोमध नको, पूर्वेकडच्या काठाशी ठेवा. मग तो सगळं क्षेत्र ओलांडून जाईल आणि पावणेदोन मिनिटं मिळतील. गर्दी फार असेल तर 25 मिलिमीटरचा आयपीस लावा. वर्धन 48 पटच राहतं, पण वस्तू चार मिनिटं आत टिकते. 48 पटीतही शनीची कडी ओळखू येते. 2025 च्या मार्चमध्ये ती आपल्याला अगदी काठावरून दिसत होती, आता वर्षागणिक उघडत जातील.

आणि ‘दिसलं का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. ‘गुरूच्या एका बाजूला ठिपके (म्हणजे त्याचे चंद्र) किती, दुसऱ्या बाजूला किती?’ असं विचारा. उत्तर अडखळलं की डोळा कुठे चुकतोय ते कळतं. बहुतेक वेळा माणूस आयपीसला फार चिकटलेला असतो किंवा बाजूनं बघत असतो. दोन्ही हात पाठीमागे बांधायला सांगा, म्हणजे आधारासाठी नळी धरली जाणार नाही. मुलांसाठी दोन पायऱ्यांचं पक्कं स्टूल ठेवा.

एक गोष्ट खास तुमच्या जागेबद्दल. मुरबाडहून पश्चिमेला कल्याण-उल्हासनगरचा उजेड आहे आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. पश्चिमेकडे कललेल्या वस्तू दाखवण्यात रात्र घालवू नका. माथ्याजवळ आणि पूर्वेकडे डोंगराच्या वर दोन-तीन मुठी आलेलं निवडा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण 10 अंश, हे माप पाहुण्यांनाही पहिल्या पाच मिनिटांत शिकवून टाका.

तारखा सहा महिने आधी जाहीर कराव्या लागतात. अमावास्येच्या जवळचा शनिवार घ्यायचा एवढं कळतं. आणखी काय बघावं? (जुन्नर)

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून जवळजवळ सगळं मिळतं. वद्य अष्टमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतचे दिवस चांगले: वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, शुद्ध चतुर्थीला नऊ-साडेनऊच्या आसपास मावळतो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असतेच. पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं धरत गेलात की त्या पंधरवड्याचा अंदाज येतो.

शाळांच्या सहलींना मात्र अमावास्या देऊ नका. त्यांना शुद्ध पंचमी ते अष्टमी द्या. मुलांना दुर्बिणीतून सर्वांत जास्त आवडतो तो चंद्र, आणि या तिथींना उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट दिसतो.

महिन्यांपैकी जून ते सप्टेंबर सोडूनच द्या. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हवा सर्वांत स्वच्छ, फक्त दिवाळीची अमावास्या फटाक्यांच्या धुरात वाया जाते. मार्चपासून वणवे, राब भाजणं आणि उसाचं पाचट जाळणं यांचा धूर क्षितिजावर बसतो. तेव्हा क्षितिजालगतचं काही कबूल करू नका.

सुरुवातीची वेळही ऋतूप्रमाणे हलवा. आपल्याकडे सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासानं पूर्ण अंधार होतो. डिसेंबरात सव्वासातला सुरू करता येतं, एप्रिल-मेमध्ये सव्वाआठ उजाडतात. जेवण त्याआधी आटपा. पंगत मध्येच वाढली की सगळे उजेडात जाऊन बसतात आणि अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा कोरे होतात.

आमच्याकडे अंधार चांगला आहे, तरी पाहुण्यांना आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. आम्हाला दिसतो. असं का? (अकोले)

तुम्ही अंधारात तासभर वावरलेले असता आणि ते नुकतेच मोबाइलवरून मान वर करतात. डोळा अंधाराला पुरता सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोतानं ते सगळं पुसलं जातं. लाल मंद उजेडानं हे नुकसान फार कमी होतं. पताकांसाठी मिळतो तो लाल जिलेटिन कागद टॉर्चच्या तोंडावर दोन-तीन पदरी लावून रबर बँडनं बांधा. एक पदर पुरत नाही, हल्लीच्या एलईडी टॉर्चमधून पांढरा झोत आरपार येतो.

मोबाइल काढून घेण्याचा प्रयत्न करू नका, त्यातून वाद होतात. सुरुवातीलाच दहा मिनिटं ‘फोटोची वेळ’ द्या आणि नंतर फोन खिशात. गाड्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. एकानं काही आणायला म्हणून गाडीचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, रिमोट दाबला की चारी दिवे लुकलुकतात. वाहनतळ घराच्या मागे न्या, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर गाडीपाशी जायचं नाही असं आधीच सांगा.

कायमचे दिवेही तपासा. ओट्यावरचा उघडा पांढरा बल्ब काढून वरून झाकलेला, खाली तोंड असलेला पिवळट दिवा लावा. शेजारच्या पंपघरावर हॅलोजन असेल तर शेजाऱ्याशी बोलून त्यावर पत्र्याची झडप स्वखर्चानं बसवून द्या: त्याला वाटेवर उजेड तेवढाच मिळतो, तुमच्या डोळ्यांत येत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले होते. दिवे विझवले नव्हते, फक्त त्यांची दिशा बदलली. ग्रामपंचायतीसमोर हे उदाहरण जरूर ठेवा.

पाहुणे विचारतात, ‘मृग नक्षत्र तर जूनमध्ये असतं, मग तुम्ही डिसेंबरात कसं दाखवता?’ शिवाय ‘आमचं जन्मनक्षत्र दाखवा’ हा हट्ट दर वेळी असतो. काय सांगावं? (सांगोला)

पहिला प्रश्न फार चांगला आहे, त्याला भरपूर वेळ द्या. शेतकरी ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात आलेला असतो, दरवर्षी 7-8 जूनच्या सुमारास. ज्या नक्षत्रात सूर्य, ते त्याच्याबरोबर दिवसा आकाशात असतं, म्हणून दिसत नाही. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या विरुद्ध बाजूला जातो आणि डिसेंबरात तोच मृग सूर्यास्तानंतर लवकरच पूर्वेला उगवतो. पाऊस मृगामुळे पडत नाही. आकाशातल्या सूर्याच्या जागेवरून पेरणीचा काळ ओळखायची ती रीत आहे. हे सांगताना चौघांना मध्ये उभं करा: एक सूर्य, एक पृथ्वी, दोन्ही टोकांना मृग आणि ज्येष्ठा. पृथ्वी झालेल्याला सूर्याभोवती फिरवा. सूर्याकडे पाठ केली की समोर कोण दिसतं, ते तोच सांगेल.

मग मृग प्रत्यक्ष दाखवा. चार कोपऱ्यांचे तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले एका ओळीतले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. ती ओळ खाली वाढवली की बाण सोडणारा व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. वर वाढवली की लालसर रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. एका रेषेवर एवढं सगळं सापडतं, आणि पाहुणे घरी जाऊन गच्चीवरून ते पुन्हा शोधू शकतात. कृत्तिका दाखवताना सांगा की त्यांचा उजेड साधारण 440 वर्षं प्रवास करून आलाय, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधी निघालेला.

जन्मनक्षत्राच्या मागणीला हसू नका. माणूस स्वतःहून एका ताऱ्याचं नाव घेऊन आलाय, दाखवणाऱ्याला याहून काय हवं? भविष्याबद्दल मत विचारलं तर खगोलशास्त्रात त्याला आधार नाही हे एका वाक्यात सांगा आणि तारा दाखवा. रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, श्रवण हे एकेका ठळक ताऱ्यावरून सापडतात. पुष्य आणि आश्लेषा मंद आहेत, तिथे द्विनेत्री द्या. त्या महिन्यात जी नक्षत्रं रात्री वर नसतात त्यांची यादी आधीच काढून ठेवा, म्हणजे ‘तुमची ज्येष्ठा जूनमध्ये संध्याकाळी’ असं ठामपणे सांगता येईल.

एक खुबी: पंचांगात त्या दिवशीचं चंद्रनक्षत्र बघा आणि चंद्र खरोखर त्या ताऱ्यांजवळ आहे का ते सगळ्यांना तपासायला लावा. कधी तो थोडा अलीकडे-पलीकडे असतो, कारण पंचांगातल्या 27 नक्षत्रांचे भाग प्रत्येकी 13 अंश 20 कलांचे सारखे केलेले आहेत, तारे काही सारख्या अंतरावर नाहीत. महिन्यांची नावंही इथेच उलगडतात: पौर्णिमेचा चंद्र कार्तिकात कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षात मृगाजवळ, चैत्रात चित्रेजवळ.

हिरवा लेझर किती शक्तीचा घ्यावा? बाजारात 100 मिलिवॅट, 200 मिलिवॅटचे स्वस्तात मिळतात. (नाशिक)

5 मिलिवॅटपेक्षा कमी. अंधाऱ्या जागी तेवढ्यात चाळीस जणांना रेषा स्पष्ट दिसते. स्वस्त लेझरवर छापलेला आकडा विश्वासाचा नसतो आणि काहींतून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडतात. डोळ्यांत गेला तर पडद्याची इजा कायमची असते. लेझर एकाच माणसाच्या हाती राहील, मुलांना ‘जरा बघू’ म्हणूनही द्यायचा नाही. विमानाचे दिवे आकाशाच्या कुठल्याही भागात दिसले की बोट बटणावरून काढा. विमानतळाजवळच्या भागांत पोलिसांचे मनाई आदेश असतात, तिथे तो वापरूच नका. थंडीत लेझर मंद झाला तर तो बिघडलेला नसतो, दहा मिनिटं खिशात ठेवा.

डिसेंबरात दहाच्या पुढे दुर्बिणीत सगळं धुरकट दिसू लागतं. आरसा खराब झाला का? (महाबळेश्वरजवळून)

आरसा नव्हे, दव. डॉब्सोनियनचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यानं सहसा वाचतो. दव बसतं ते वरच्या तिरक्या आरशावर, शोधक दुर्बिणीच्या (नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) भिंगावर आणि आयपीसवर. आयपीसवर तर पाहुण्यांचा श्वासही बसतो. योगा मॅट कापून नळीच्या तोंडावर गुंडाळा, तोंडाच्या व्यासाच्या दीडपट पुढे येईल इतकी. दोन आयपीस आलटून पालटून वापरा, दुसरा खिशात उबदार राहील. दव बसलंच तर पुसू नका, धूळ घासून ओरखडे पडतात. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्या. परतताना ओल्या भिंगावर टोपण लावलं तर आत बुरशी धरते: घरात उघडं वाळू द्या, मग झाका.

धूसरपणाचं दुसरं कारण दवाइतकंच नेहमीचं आहे. पाहुण्यांचं काजळ आयपीसला लागतं. दर अर्ध्या तासानं टॉर्च तिरकी धरून काच बघा. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवा, मग भिंगाच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन मधून कडेकडे पुसा. डोळ्यांभोवतीची रबरी कड मात्र प्रत्येक गटानंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसाच. डोळे आलेल्या पाहुण्याला आयपीसला डोळा लावू देऊ नका, त्याच्यासाठी मोबाइल अडकवून पडद्यावर दाखवा.

आणि दुर्बीण सातला हवी असेल तर सहाला बाहेर ठेवा. घरातली ऊब धरलेला 8 इंची आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला अर्धा-पाऊण तास घेतो. तोवर ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे थरथरतात.

लोक माळरानावर चटया टाकून झोपतातही. सापांची भीती वाटते. (संगमेश्वर)

भीती योग्यच आहे. आकाश बघायला जमिनीवर आडवं व्हायला हरकत नाही, झोपायला आहे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. झोपायची सोय बाजेवर मच्छरदाणी खोचून किंवा चेन नीट बंद होणाऱ्या तंबूत करा.

जागेवरचं गवत दोन दिवस आधी पूर्ण कापून घ्या, कडेनं दहा-बारा मीटर जागा मोकळी. दगडांचे ढीग, लाकडं, पेंढा जवळ नको. फुरसं दगडांखाली असतं, घोणस गवतात. ताडपत्री आयत्या वेळी अंथरा, दुपारपासून पसरून ठेवू नका. संडासाच्या वाटेवर घोट्याच्या उंचीला मंद लाल दिवे लावा, पण चालताना पाय टाकायची जागा दिसत नसेल तर पांढरा टॉर्च खाली धरून वापरायची सर्वांना मोकळीक असू द्या. आकाशासाठी माणसाचा पाय धोक्यात घालायचा नाही.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे हंगामाच्या सुरुवातीला स्वतः जाऊन विचारा. दंश झाला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. माणसाला निजवून हालचाल थांबवा आणि 108 किंवा तयार ठेवलेल्या गाडीनं थेट दवाखान्यात न्या. एक गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभी असावी.

ढग आले तर पैसे परत करावेत का? (भोर)

राहण्या-जेवणाचे वेगळे आणि आकाशदर्शनाचे वेगळे अशी रक्कम आधीच फोडा. आकाश दिसलं नाही तर दुसरा भाग परत द्या किंवा पुढची तारीख द्या. आमच्या मते हे न देणं चूक आहे. दुपारी चारला हवामान विभागाची उपग्रहचित्रं बघून गटाला कळवा, पण ढग तुटक असतील तर रद्द करू नका: फटीतून दिसणारे गुरू, चंद्र, व्याध एवढ्यावरही तासभर छान जातो. पूर्ण झाकलं तर स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर भिंतीवर दाखवून त्या रात्रीचं आकाश फिरवा. आणि ध्वनिक्षेपकावर व्याख्यान ठेवणार असाल तर उघड्यावर रात्री दहानंतर त्याला बंदी आहे.

मुक्कामी गटासाठी सकाळी सूर्यावरचे डाग दाखवता येतात, पण सौर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवूनच. आयपीसला लावायचा फिल्टर उष्णतेनं तडकतो, तो फेकून द्या. शोधक दुर्बीणही काढून ठेवा, आणि दुर्बिणीपाशी माणूस सतत उभा हवा.

मे महिन्यात मालवणला त्रिशंकू दाखवता येईल का?

येईल, आणि दक्षिण आकाशातला हा चार ताऱ्यांचा क्रूस आवर्जून दाखवा. दिल्लीहून त्रिशंकूचा खालचा तारा क्षितिजाच्या वर येतच नाही, मालवणहून तो 11 अंशांपर्यंत चढतो. मेच्या मध्यात साडेनऊच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला सर्वांत उंच असतो. बहुतेक किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून दक्षिणेकडे माड किंवा टेकडी आड येणार नाही अशी जागा दिवसा होकायंत्रानं शोधून ठेवा. दमट हवेत खालचे तारे मंद होतात, समुद्रावर बोटींचे दिवे दिसत असतील तर त्यांच्याकडे पाठ येईल असं बसवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या पश्चिमेला आणखी एक क्रूस दिसतो आणि बरेच जण त्यालाच त्रिशंकू समजतात. तो आकारानं मोठा, पण मंद असतो. खऱ्या त्रिशंकूच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे असतात, ते दिसल्याशिवाय नाव घेऊ नका. मेच्या त्याच रात्रींना क्षितिजापासून अडीच मुठींवर, त्रिशंकूच्या वर जरा डावीकडे, द्विनेत्रीतून एक गोल धुरकट ठिपका सापडेल. तो नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ. तुमच्याकडे 6 इंची दुर्बीण असेल तर 48 ते 100 पटीत त्याच्या कडेचे तारे सुटे दिसू लागतात, आणि तेव्हा पाहुण्यांना घाई करू नका.